खोल्यांचा डोंगर

१

नीलांबरी आणि प्रणिता नात्यानं नणंद-भावजय, पण मैत्रिणी त्याच्याही आधीपासूनच्या. नगरला कॉलेजात असताना दोघी वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहायच्या, आणि आपल्या भावासाठी, सुश्रुतसाठी, ही मुलगी प्रणितानंच हेरली होती. "अनोळखी गुणी पोरीपेक्षा ओळखीची भांडकुदळ बरी," असं ती लग्नाच्या मांडवात चारचौघांना सांगत फिरली होती. त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. नीलांबरी श्रीरामपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवते, सुश्रुत जनावरांचा डॉक्टर आहे आणि प्रणिता नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ.

लोकांना भूल देणाऱ्या या बाईची स्वतःची झोप मात्र दोन वर्षांपूर्वी उडाली. सुरुवातीला सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. "पेशंटना वाटून वाटून तुझा साठा संपला," असं सुश्रुत म्हणायचा. मग गोळ्या झाल्या, काढे झाले, तळपायाला तूप चोळून झालं, योगासनं झाली. प्रणिता बिछान्यावर पडायची, डोळे मिटायची आणि तशीच जागी राहायची. पहाटे कधीतरी झापड यायची तेवढीच.

डिसेंबरात एकदा ऑपरेशन चालू असताना तिचा डोळा लागला. क्षणभरच. समोरच्या यंत्रानं पीप केलं आणि ती दचकून जागी झाली. पेशंटला काही झालं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण प्रणितानं त्या दिवशी वरिष्ठांना स्वतःहून सगळं सांगितलं, रजा टाकली आणि श्रीरामपूरला भावाकडे आली. आल्यावर म्हणाली, "महिनाभर बघते. नाही जमलं तर नोकरी सोडते. कुणाचा तरी जीव माझ्या हातात असतो गं."

हे तिनं शेंगा सोलता सोलता, हसत हसत सांगितलं. प्रणिताचं असंच होतं. रडायची गोष्ट ती नेहमी काहीतरी खाता खाता सांगायची.

२

डोंगरावर जायची टूम नीलांबरीची. जानेवारीत थंडीची लाट आली आणि अकोले तालुक्यातल्या डोंगरांत दव गोठल्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरायला लागले. गवताच्या पात्यांवर, गाड्यांच्या काचांवर, कौलांवर पांढरा थर. नीलांबरीनं जन्मात बर्फ पाहिला नव्हता. सुश्रुत लग्नापासून मनालीला नेणार होता, ते राहूनच गेलं होतं.

"आपण आपल्या मनालीला जाऊ," ती म्हणाली. "राजूरच्या पुढे एक वाडी आहे. वरच्या कड्यात जुनी लेणी आहेत. आमच्या शाळेतले सर जाऊन आले. फार कुणी जात नाही म्हणे. दिवसभर चालू, दमू. कदाचित तुला झोप येईल."

"आणि नाही आली तर?"

"तर बर्फ बघून परत येऊ."

सुश्रुतला एका म्हशीचं बाळंतपण होतं, त्यामुळे दोघीच गाडी घेऊन निघाल्या. वाडीत कडूबाईच्या घरी मुक्कामाची सोय होती. कडूबाई चाळिशीची, अंगानं काटक आणि तोंडानं अखंड चालू. तिच्या लेकीची सोयरीक जुळत होती आणि त्या आनंदात तिनं पाहुण्यांना नागलीच्या भाकरीबरोबर इतका ठेचा खाऊ घातला, की प्रणिताच्या डोळ्यांतून पाणी आलं.

प्रणिता त्या रात्रीही जागीच होती. पण उजाडताना चहा पिताना ती खुशीत होती. "तुझं घोरणं ऐकलं, कडूबाईंच्या शेळीचं खोकणं ऐकलं. छान मैफल झाली."

"यंदा लई थंडी हाय बाई," कडूबाई म्हणाली. "हंड्यातलं पानी बी गोठलं हुतं काल. स्वेटर घाला, शाली घ्या. वर कड्याला वारं लागतंय."

बाहेर आल्या आणि नीलांबरी उभीच राहिली. अंगणापासून खाचरांपर्यंत आणि खाचरांपासून डोंगराच्या उतारापर्यंत सगळं पांढरं होतं. खूप नाही. कुणीतरी रवा भुरभुरावा इतकंच. पण पायाखाली ते करकर वाजत होतं, हातात घेतलं की बोटं बधिर होत होती. पन्नाशीतली ही बाई लहान पोरीसारखी वाकून वाकून गवताच्या गोठलेल्या काड्या तोडत राहिली, आणि प्रणितानं तिच्या मानेत मूठभर गारठा टाकला तेव्हा ती अशी किंचाळली की वाडीतली कुत्री भुंकायला लागली.

चढण कडूबाईच्या गप्पांत गेली. या डोंगराला काय म्हणतात, असं विचारल्यावर ती म्हणाली, "आमी खोल्यांचा डोंगर म्हंतो. वर खोल्या हायेत ना, म्हनून." एवढंच. लेणी कुणी खोदली, कधी खोदली, हे तिला माहीत नव्हतं आणि त्याची तिला पर्वाही नव्हती. होणारी विहीण मानपानात किती कडक आहे, हा विषय तिला जास्त जवळचा होता.

३

कड्याच्या पोटात एक लांबट ओटा होता आणि त्याच्या मागे लेणं. ओट्यावर सूर्य अजून पोचला नव्हता, त्यामुळे तिथं दवाचा थर जाड आणि अगदी अखंड होता. त्यावर पाऊल टाकायला नीलांबरीला वाईट वाटलं. स्वच्छ धुतलेल्या चादरीवर चिखलाचा पाय द्यावा तसं.

ओट्यावर येताच कडूबाईचा फोन वाजला. "तुमी व्हा फुडं," ती म्हणाली. "हितंच तेवढी रेंज घावती." ती एका दगडावर बसली आणि विहिणीशी साखरेसारख्या आवाजात बोलायला लागली.

आत एक चौकोनी दालन होतं. खांब नाहीत, मूर्ती नाहीत. तिन्ही भिंतींत माणूस वाकून जाईल इतकी दारं आणि प्रत्येक दारामागे एक लहानशी खोली. खोलीत भिंतीलगत दगडाचाच कोरलेला ओटा, त्याच्या एका टोकाला दगडाचीच उशी.

"होस्टेल!" प्रणिता ओरडली. "नीला, हे आपलं होस्टेल आहे गं. फक्त ढेकूण नाहीत."

दोघी खोल्या बघत सुटल्या. ही तुझी, ही माझी, ही त्या रडक्या मंदाकिनीची. नीलांबरी प्रत्येक ओट्यावर हात टेकवून बघत होती. दगड इतका गार होता की तळहात चिकटेल असं वाटे. ती मनातल्या मनात मुलांना शिकवत होती: बसाल्ट, लाव्हाचे थर, दिवसा तापतो, रात्री निवतो.

"नीला," कोपऱ्यातल्या खोलीतून प्रणिताचा आवाज आला. "इकडे हात लाव."

ती खोली सगळ्यात आतली आणि सगळ्यात अंधारी होती. नीलांबरीनं दगडी बिछान्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

तो ऊबदार होता. तापलेला नव्हे, चुलीजवळचा दगड असतो तसाही नव्हे. सकाळी कुणी उठून गेल्यावर अंथरुणात हात घातला तर लागते, तशी ऊब होती ती. मधे जास्त, कडांना कमी. दगडी उशीही ऊबदार होती.

"कुणीतरी आत्ताच उठून गेलंय," प्रणिता हसून म्हणाली.

"गुराखी असेल. नाहीतर कुत्रं."

"असेल."

नीलांबरी दारात आली आणि दालनातून बाहेर बघू लागली. बाहेरच्या ओट्यावरचा पांढरा थर तिथून स्वच्छ दिसत होता. त्यावर त्यांच्या दोघींची आत येणारी पावलं उमटली होती, आणि दगडापर्यंत गेलेली कडूबाईची. दुसरी नव्हती. आणि लेण्याला दुसरी वाट नव्हती.

खडकातून गरम झरा वाहत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. असतात असे झरे. फक्त ते नेमके एका माणसाच्या आकाराचे कसे वाहतील, हे तिला सुचेना, म्हणून तिनं तो विचार तिथंच सोडला.

मागे वळली तर प्रणिता बूट काढून आडवी झाली होती.

"अगं, उठ. धूळ आहे."

"दोनच मिनिटं. पाठीला काय बरं वाटतंय, नीला. गरम पाण्याच्या पिशवीसारखं." तिनं शाल अंगावर ओढली. दगडी ओटा एकाच माणसाच्या मापाचा होता. तिचं एक कोपर भिंतीला टेकलं होतं आणि दुसरं कडेच्या बाहेर डोकावत होतं. "मोनोलिथिक सिंगल बेड," ती पुटपुटली, स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसली आणि झोपली.

खरोखर झोपली.

४

नीलांबरी पुतळ्यासारखी उभी राहिली. प्रणिताचं तोंड किंचित उघडं होतं, कपाळावरची आठी गेली होती. वसतिगृहात ती अशीच झोपायची, अभ्यासाचं पुस्तक छातीवर ठेवून. दोन वर्षांत कुणी बघितलं नव्हतं ते समोर चाललं होतं, आणि नीलांबरीचे डोळे भरून आले. ती चोरपावलांनी बाहेर गेली.

"ताई झोपल्या? हितं?" कडूबाईनं फोनवर हात ठेवत विचारलं. "झोपू द्या मंग. म्या च्या टाकते." तिनं पिशवीतून पातेलं काढलं, तीन दगड मांडले आणि पुन्हा फोन कानाला लावला.

कोवळं ऊन ओट्याच्या कडेला आलं होतं. खाली खाचरांवरचा पांढरा रंग विरत चालला होता. नीलांबरीला गाणं म्हणावंसं वाटत होतं. ती परत आत आली, कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराबाहेर पाठ टेकून बसली आणि मैत्रिणीच्या झोपेची राखण करू लागली.

श्वास ऐकू येत होता. लांब, संथ. आत, बाहेर. मग थोडी विश्रांती. आणि त्या विश्रांतीत, अगदी बेतानं, दुसरा श्वास.

घुमतोय, नीलांबरीला वाटलं. दगडाची खोली, आवाज घुमणारच. ती ऐकत राहिली. पहिला श्वास प्रणिताचा, तो तिला ओळखू येत होता. बाहेर सोडताना त्यात बारीकशी शीळ होती. दुसऱ्यात शीळ नव्हती. आणि तो थोडा जड होता.

ती शिक्षिका होती. नुसतं वाटण्यावर तिचा भरवसा नव्हता. तिनं हलकेच टिचकी वाजवली. आवाज जागच्या जागी विझला. जिभेनं टक् केलं, पुन्हा तेच. ही खोली काहीही घुमवत नव्हती. मग स्वतःचा श्वास रोखून पाहिला, म्हटलं, माझाच ऐकू येत असेल. छाती दुखेपर्यंत रोखला. आत दोन्ही श्वास तसेच चालू राहिले. भांडण नाही, घाई नाही. एकानं घ्यावा, दुसऱ्यानं सोडावा, पुष्कळ वर्षांचं जोडपं झोपल्यासारखं.

बाहेर कडूबाई म्हणत होती, "न्हाई न्हाई, शालू आमीच घेनार, ते ठरलंय!" आणि त्या आवाजानं नीलांबरीला इतका धीर आला की ती उठून जाऊन तिला मिठी मारणार होती.

पण तिच्या मनात दुसरंच काही चाललं होतं. उठवावं का? दोन वर्षांनी लागलेली झोप आहे. आपल्याला काय ऐकू आलं? श्वास. श्वासानं कुणाचं काय बिघडतं?

तेवढ्यात आतून प्रणिताचा आवाज आला. झोपेतला, लाडिक, कुरकुरता.

"सरकते गं... सरकते. थांब ना."

५

नीलांबरी वाकून दारात शिरली.

अंधाराला डोळे सरावायला जरा वेळ गेला. प्रणिता कुशीवर वळली होती, तोंड दाराकडे. ती ओट्याच्या अगदी कडेला आली होती, इतकी की एक गुडघा बाहेर लोंबत होता. तिच्या पाठीमागे, भिंतीपर्यंत, पुरेशी जागा झाली होती. मघाशी जिथं तिचं कोपर भिंतीला टेकत होतं, तिथं.

शाल तिच्या खांद्यावरून मागे गेली होती आणि त्या जागेवर अंथरली होती. ती दगडाला टेकली नव्हती.

हवा असेल, नीलांबरीला वाटलं. शालीत हवा धरते कधीकधी.

मग शालीचं भिंतीकडचं टोक हळूच ओढलं गेलं. थंडी वाजल्यावर झोपेतला माणूस पांघरूण ओढतो, तितकंच, तितक्याच आळसानं. प्रणिताचा खांदा उघडा पडला. शालीखालचं जे काही होतं त्यानं कूस बदलली.

नीलांबरी ओरडली नाही. पुढे तिला स्वतःलाच याचं आश्चर्य वाटत राहिलं. तिनं प्रणिताचे दोन्ही हात धरले आणि सारं बळ एकवटून तिला ओढलं. प्रणिता धप्पकन खाली पडली, "अगं बाई!" म्हणून जागी झाली आणि आपण कुठं आहोत हे कळताच खदखदून हसायला लागली. नीलांबरीनं एका हातानं तिचे बूट उचलले, दुसऱ्या हातानं तिला धरून दालनातून बाहेर उन्हात आणलं. शाल आतच राहिली.

"काय झालं गं? साप?"

"हो," नीलांबरी म्हणाली. "साप वाटला मला."

"थंडीचा कुठला साप?" कडूबाई हसली. "घ्या, च्या घ्या." तिनं कप प्रणिताच्या हातात दिला आणि तिच्या पाठीवरची धूळ झटकायला हात लावला. तिचा हात क्षणभर तिथंच थबकला. "ताई, पाठ केवढी गरम हाय तुमची. आन् हात तर गारठल्यात."

प्रणिताला त्याचं काही नव्हतं. ती दोन्ही हातांनी कप धरून समोरच्या डोंगररांगा बघत होती. चेहरा असा तजेलदार की वय दहा वर्षांनी उतरलेलं. "नीला, मी झोपले," ती म्हणाली. "खरंच झोपले. स्वप्नसुद्धा नाही."

शाल आणायला कुणी गेलं नाही. नीलांबरी म्हणाली, जुनीच होती.

उतरताना कडूबाई पुढे होती. पांढरं सगळं विरघळून गेलं होतं, गवत ओलं आणि सोनेरी दिसत होतं. एका वळणावर प्रणितानं नीलांबरीचा हात धरला.

"थँक्यू."

"कशाबद्दल?"

"तू मागे येऊन झोपलीस ना. आधी वाटलं, एवढ्याशा जागेत ही कशी मावणार? मग मी सरकले. तुझी ऊब लागली पाठीला आणि मला कळलं, आता मी कितीही झोपले तरी चालेल. कुणीतरी आहे." ती थोडी लाजून हसली. "पन्नाशीची बाई मी. काय म्हणशील?"

नीलांबरी पायवाटेकडे बघत चालत होती. बरंच काही तोंडाशी आलं होतं. पण शेजारी दोन वर्षांनी झोपून उठलेली तिची मैत्रीण होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते होतं, जे कुठल्याच गोळीनं आणलं नव्हतं.

"काय म्हणायचंय त्यात?" ती म्हणाली. "मीच होते ना."

६

श्रीरामपूरला आल्यावर प्रणिता झोपायला लागली. पहिल्या दिवशी तिनंच लाजत विचारलं, "जरा वेळ पडशील का गं माझ्यामागे?" आणि नीलांबरी पडली. प्रणिता बोलता बोलता झोपली. दुसऱ्या दिवशीही तसंच. सुश्रुतला बायको गमावल्याचं दुःख नव्हतं, बहीण झोपली याचाच आनंद होता. "म्हशी वाचवतो मी, आणि डॉक्टरणीला बरं करते माझी बायको," असं तो शेजाऱ्यांना सांगू लागला. घरात पुन्हा मोठमोठ्यानं हसणं सुरू झालं. प्रणितानं दवाखान्यात फोन केला. सोमवारपासून येते म्हणाली, सुरुवातीला एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली.

नीलांबरीनं डोंगरावरचं कुणालाच सांगितलं नाही. अंधार होता, मी घाबरले होते, शाल दगडाला अडकली असेल, असं ती स्वतःला सांगायची, आणि दिवसाढवळ्या ते पटायचंही.

रविवारी पुरणपोळीचा बेत होता. प्रणिताला निरोप म्हणून. जेवणं उशिरा आटोपली. प्रणिता पोटावर हात फिरवत मागच्या खोलीत गेली. "लवकर ये गं," असं सांगून. नीलांबरीची भांडी आवरेपर्यंत, उरलेलं पुरण झाकून ठेवेपर्यंत बराच वेळ गेला. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारच्यांच्या टीव्हीवर क्रिकेट चालू होतं.

खोलीचा पडदा ओढलेला होता. मोठ्या पलंगावर प्रणिता झोपली होती, दाराकडे तोंड करून, चादर गळ्यापर्यंत घेऊन. आपल्यावाचून झोपली, नीलांबरीला बरं वाटलं. तरी कबूल केलं होतं म्हणून ती पलंगाला वळसा घालून भिंतीकडच्या बाजूला गेली आणि कडेवर टेकली.

गादी ऊबदार होती.

"तिकडे नको," प्रणिता झोपेत म्हणाली. आवाज समाधानी, गोड. "तिकडे जागा कुठाय? तू इकडून ये."

नीलांबरी उठली. दार उघडं होतं. बाहेर पडून सुश्रुतला हाक मारता आली असती, दिवा लावता आला असता, चादर खेचून काढता आली असती. तिनं प्रणिताच्या तोंडाकडे पाहिलं. आठी नव्हती. उद्या तिला कामावर जायचं होतं.

ती वळसा घालून परत आली, चादरीच्या या टोकाखाली शिरली आणि प्रणितासमोर, तोंडाला तोंड करून आडवी झाली. प्रणिताच्या खांद्यापलीकडे काय आहे ते दिसू नये म्हणून तिनं डोळे गच्च मिटले. मैत्रिणीचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरले. शीळ घालणारा श्वास तिच्या गालाला लागत होता, आणि त्याच्या मधल्या विश्रांतीत तो दुसरा.

"चहा टाकतंय का कुणी?" सुश्रुतनं बाहेरून विचारलं.

तिनं हातांची पकड आणखी आवळली. तिची पाठ चादरीबाहेर उघडीच होती.

तेव्हा कुणीतरी चादर अलगद उचलली, नीलांबरीच्या खांद्यावरून पाठीपर्यंत नीट ओढली, आणि कड आत खोचली. प्रणिताचे दोन्ही हात तिच्या हातांतच होते.